रूथबाईंचं आमेन

नाताळ अंकासाठी लेख मागायला संपादक घरी आले, तेव्हा विषयही सोबत घेऊनच आले होते. संकटकाळी विश्वास दृढ कसा ठेवावा. मी म्हटलं, हे तुम्ही पाळकसाहेबांना विचारा, त्यांना मुद्दे काढता येतात. ते म्हणाले, "त्यांचा लेख आलाय. तो वाचूनच तुमच्याकडे आलोय." मग मला नाही म्हणवेना.

विश्वास दृढ कसा ठेवावा हे मला खरंच सांगता यायचं नाही. माझी नोकरी, ज्यांचा विश्वास डळमळलाय अशा घरांत जाऊन चहा पिण्यात गेली. मी बायबलबाई होते. हे पद आता फारसं कुणाला ठाऊक नाही. एकदा बारामतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं होतं, "बाई, बायबल केवढ्याला पडतं?" त्याला वाटलं मी विकत हिंडते. विकायचं काही नव्हतं. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, पाळक रविवारची उपासना घेतात, लग्नं लावतात, मातीला जातात. उरलेल्या सहा दिवसांत घरोघरी जाऊन लोकांची विचारपूस करायची, शास्त्रातला एखादा उतारा वाचायचा, प्रार्थना करायची आणि ऐकून घ्यायचं, हे बायबलबाईचं काम. आमची घरंही एका ठिकाणी नव्हती. वडगाव निंबाळकरला दोन, कोऱ्हाळ्याला एक, भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत चार-पाच, अशी उसात विखुरलेली. एका घरून दुसऱ्या घरी जायला कधी एसटी, कधी वडापची जीप, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून राहणं.

या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चहा. साखरेच्या मुलखात कमी साखरेचा चहा देणं हा पाहुण्याचा अपमान असतो. माझा मधुमेह ही चर्चची सेवा आहे असं मी डॉक्टरांना सांगते.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे प्रार्थनेचे विषय. वडगावच्या सगुणाबाई मला आधी यादी सांगायच्या. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण आणि शेवटी म्हैस. एकदा मी म्हैस विसरले आणि 'आमेन' म्हणायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "बाई, म्हशीचं राहिलं." आमेन म्हणजे 'तसंच होवो'. एकदा ते म्हटलं की अर्ज गेला, मग मागून पुरवणी जोडता येत नाही अशी त्यांची समजूत. मी पुन्हा डोळे मिटले आणि म्हशीचं मागितलं.

मी कामाला लागले तेव्हा माझ्याआधीच्या वयस्कर बायबलबाईंनी मला एकच गोष्ट शिकवली होती. "दुःखाच्या घरी गेलीस की दुःखाचं कारण सांगायचं नाही. देवाची वकिली आपल्याकडं दिलेली नाही." याचा अर्थ मला कोऱ्हाळ्याच्या घरी कळला. तिथं तरणा मुलगा गेला आणि मातीच्या दिवशीच कुण्या नातेवाइकानं आईला सांगितलं, की देवाला फुलं आवडतात म्हणून तो चांगली खुडून नेतो. त्या माउलीनं त्यानंतर आमच्यापैकी कुणाला दार उघडलं नाही. मी जात राहिले. ओसरीवर बसून परत यायचे. ते घर काही मंडळीत परत आलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

पण संपादकांना सांगितलंय त्याप्रमाणे गोष्ट भवानीनगरची सांगणार आहे, शांतवनदादा आणि रूथबाईंची.

शांतवनदादा कारखान्यात फिटर. वसाहतीतली प्रार्थनासभा त्यांच्याच घरी भरायची आणि प्रार्थनाही तेच करायचे. ती लांब असायची. कारखान्यापासून सुरुवात करून ते राज्य सरकार, केंद्र सरकार आणि सीमेवरचे जवान असं करत परत वसाहतीच्या नळापर्यंत यायचे. रूथबाई आतून म्हणायच्या, "अहो, भजी गार व्हायला लागली." हा त्या घराचा सूर होता. ते बोलायचे, त्या थांबवायच्या.

एका हंगामात, दादा पाळीवर असताना, रूथबाईंच्या अंगावरून वारं गेलं. बारामतीच्या दवाखान्यात त्या पंधरवडाभर होत्या. जीव वाचला. उजवा हात आणि पाय मात्र लुळा पडला आणि वाचा गेली. पूर्ण गेली नाही. एक शब्द उरला. आमेन.

त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले. दादांनी दार उघडलं, खुर्ची दिली, आणि मी पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं तसे ते उठले.

"बाई, तुमी तिच्यासाठी करा प्रार्थना. तिला बरं वाटतं. मी बाहीर हाय."

"का हो दादा?"

"माझं त्याच्याशी बोलणं बंद हाय."

मला आधी वाटलं शेजाऱ्याबद्दल म्हणतायत. मग त्यांची नजर छताकडं गेली तेव्हा उमगलं. आमच्याकडं नवराबायकोत अबोला असतो, भावाभावांत असतो, विहिरीच्या पाण्यावरून दोन-दोन पिढ्या चालतो. देवाशी अबोला धरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. देव नाही असं ते म्हणत नव्हते. आहे, पण मी बोलणार नाही, असं होतं ते.

मला शिकवलेलं आठवून मी काही समजावलं नाही. आत प्रार्थना केली. शेवटी रूथबाई खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाल्या. ते ऐकून दादा बाहेरून आत आले आणि त्यांनी चहा ठेवला. पुढं दर आठवड्याला हेच चालू राहिलं. मी प्रार्थनेला लागले की दादा बाहेर नळापाशी स्कूटर पुसत बसायचे. इतकी पुसलेली स्कूटर सगळ्या वसाहतीत नव्हती.

रूथबाईंचं सगळं आता त्या एका शब्दावर चालायचं. पाणी हवं, आमेन. नको, आमेन. पंखा लावा, आमेन. फरक होता तो सुरात. दादांना महिन्याभरात सगळे सूर कळायला लागले. बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम बारामतीत होत्या, दादा त्यांच्याकडं रूथबाईंना नेत असत. मॅडमनी सांगितलं, की असं होतं, मेंदूला मार बसला की कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. दादांनी विचारलं, "पण ह्योच का राहिला?" मॅडम म्हणाल्या, "आयुष्यात फार वेळा म्हटलेला असेल." दादा म्हणाले, "मग 'अहो, ऐकताय का' राहायला पायजे होतं."

वसाहतीत मात्र वेगळाच बोभाटा झाला. बाईची वाचा गेली पण देवाचा शब्द राहिला म्हणजे तिच्यात काहीतरी आहे. शेजारच्या जाधवकाकूंनी येऊन विचारलं, "रूथवहिनी, यंदा आमच्या पोरीचं जमंल का वो?" रूथबाई म्हणाल्या, "आमेन." पोरीचं जमलं. मग रांग लागली. दादा पाळीवरून दमून यायचे तर घरात चार बायका बसलेल्या. शेवटी एका शेतकऱ्यानं बोअरला पाणी लागेल का विचारलं, रूथबाई नेहमीसारखं म्हणाल्या, आणि पाणी लागलं नाही. गर्दी आपोआप ओसरली.

चर्चमध्येही तेच. दादा दर रविवारी रूथबाईंना रिक्षातून बारामतीला आणायचे. आत माझ्या शेजारी बसवायचे आणि स्वतः बाहेर झाडाखाली जाऊन उभे राहायचे. पाळकसाहेब तेव्हा नवे, उत्साही. त्यांचा उपदेश ऐन रंगात असताना रूथबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन." पाळकसाहेबांनी रूथबाईंकडं हात केला. ते म्हणाले, पाहा, ही आमची भगिनी, हिच्या विश्वासाला संकटानं धक्का लागला नाही. आणि त्यांनी उपदेश आणखी लांबवला. रूथबाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी अधिक जोरात. तो सूर मला चांगला ओळखीचा होता. लांबलेल्या प्रार्थनेत भजी गार व्हायची तेव्हाचा तो सूर होता. मी मान खाली घातली. आमच्या बाकावर सगळ्यांना वाटलं मी गहिवरले.

दादांना हे मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा वारं गेल्यापासून पहिल्यांदा ते हसले. "म्हंजी आता आमच्याच घरचं न्हाय, समद्या मंडळीचं जेवण तिच्या हातात आलं."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर बरं होतं. मग रूथबाईंची धाकटी बहीण एस्तेर इंदापूरहून राहायला आली. बहिणीवर तिचा जीव होता. तिनं आठ दिवस घरातलं सगळं पाहिलं, दादांचं बाहेर जाऊन बसणं पाहिलं, आणि एका सकाळी माझ्यादेखतच म्हणाली, "दाजी, रागवू नका. पण अक्का बरी होत न्हाय ती तुमच्यामुळं. घरचा माणूसच देवाशी बोलत न्हाय, तर देव कसा ऐकंल?"

दादा उठले. स्कूटरकडं गेले, पण पुसली नाही. नुसता हात ठेवून उभे राहिले.

बारामतीत एका मंगल कार्यालयात तेव्हा बाहेरगावच्या एका उपदेशकांची सभा भरणार होती. आजारी माणसं बरी होतात अशी जाहिरात होती. एस्तेर म्हणाली अक्काला नेऊ या. मला वाटलं दादा नको म्हणतील. ते लगेच हो म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला काळजी वाटली. रूथबाईंसाठी ते कुणापुढंही वाकायला तयार झाले होते. मी म्हटलं, मीही येते.

सभा सकाळची होती. गर्दी खूप, कीबोर्ड वाजत होता, लोक रडत होते. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. आजार काही खोटे नसतात. रूथबाईंची पाळी आली. दादांनी आणि मी त्यांना धरून पुढं नेलं. उपदेशकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मग माईक खाली न घेताच दादांना विचारलं, "गोळ्या चालू आहेत का?"

"हायत. बीपीच्या, आन् रक्त पातळ व्हायच्या."

"त्या इथं टेबलावर ठेवा. देवावर भरवसा आणि गोळीवरही भरवसा, असं दोन्हीकडं चालत नाही. आज विश्वासाचं पाऊल टाका."

एस्तेर मागून म्हणाली, "टाका, दाजी."

दादांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. मी त्यांचा हात धरायला पुढं झाले. मला त्या गोळ्यांचं मोल माहीत होतं. चार दिवस चुकल्या तर पुन्हा वारं जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं होतं. पण शेकडो लोकांच्या समोर, आपल्यामुळं बायको आजारी आहे असं ऐकून आलेल्या माणसाला मी काय सांगणार होते? पाकीट त्यांच्या हातात होतं. टेबल हाताच्या अंतरावर होतं.

तेवढ्यात रूथबाई म्हणाल्या, "आमेन."

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. उपदेशक म्हणाले, ऐका, मुकी बोलली. त्यांनी हात अधिकच जोरानं डोक्यावर दाबला. रूथबाई पुन्हा तोच शब्द म्हणाल्या आणि डाव्या हातानं त्यांचं मनगट बाजूला सारायला लागल्या.

दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग गोळ्यांचं पाकीट परत खिशात ठेवलं.

"साहेब, हात काढा. ती म्हणतीया पुरं झालं."

"भाऊ, हा तुमचा अविश्वास बोलतोय."

"असंल," दादा म्हणाले. "पर गोळी दुपारी जेवल्यावर द्यायची आस्ती. आमाला घरी जायला पायजे."

त्यांनी रूथबाईंना एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही त्या टाळ्यांतून बाहेर आलो. एस्तेरही मागोमाग आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कॅनॉल ओलांडल्यावर दादांनी रिक्षा रसवंतीपाशी थांबवली. रूथबाई आणि एस्तेर रिक्षातच बसल्या. आम्ही दोघं खाली उतरलो.

"बाई, एक इचारू? माझं ज्याच्याशी बोलणं बंद हाय, त्याच्याबद्दल कुणी वंगाळ बोललं तर मला राग का यावा?"

"कोण वंगाळ बोललं?"

"त्यो माणूस. देव गोळ्या टाकून द्या म्हणतो, न्हायतर बरं करत न्हाय, असं म्हणाला का न्हाय? आपला देव असा न्हाय वो. मला माईक घेऊन सांगावंसं वाटलं, की त्याला मी वळखतो, त्यो असला न्हाय."

मी म्हटलं, "दादा, भावकीत असंच असतं. आपण बोलू नाहीतर न बोलू, बाहेरच्यानं नाव ठेवलेलं खपत नाही."

त्यांनी रसाचा ग्लास रिकामा केला. "तसंच आसंल," म्हणाले. एस्तेरला त्यांनी घरी गेल्यावर स्वतः वाढलं आणि त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. ती इंदापूरला परत जाताना त्यांच्या पाया पडून गेली.

अबोला मात्र सुटला नाही. मी गेले की ते पूर्वीसारखे बाहेर जायचे. मीही कधी विचारलं नाही. पुढं पावसाळ्यात माझाच पाय वडगावच्या बांधावर घसरून मोडला आणि माझ्या भेटी थांबल्या. तेव्हा एका दुपारी दादांचा फोन आला.

"बाई, लई पंचाईत झालीया. तुमच्या येण्याचा वार आला की ही सकाळपास्नं आमेन आमेन करतीया. जेवत न्हाय. तुमी फोनवर प्रार्थना करा. मी तिच्या कानाला फोन लावतो."

मी पलंगावर पडल्या पडल्या सुरुवात केली. हे दयाळू पित्या, या घरात, इथवर आले आणि रेंज गेली. भवानीनगरची रेंज ही अशीच आहे. दादा आजही म्हणतात की बाईंनी मुद्दाम फोन बंद केला. मी मुद्दाम केला नव्हता. परत लावायची घाई केली नाही, एवढं मात्र खरं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. रूथबाई डोळे मिटून, डावा हात छातीशी धरून बसलेल्या. प्रार्थना अर्धी. दादांनी फोन हलवला, खिडकीशी नेला, काही होईना. रूथबाईंचे डोळे उघडेनात. शेवटी दादा खाली बसले आणि माझं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून त्यांनी पुढं उचललं.

"या घरात आमटी करपलीया. नळाला पाणी न्हाय. हिचा हात हाय तसाच हाय. आन् मी अजून रागात हाय, ते तुला म्हाईत असावं म्हणून सांगतो."

रूथबाई म्हणाल्या, "आमेन." आणि जेवायला लागल्या.

"कुठल्या सुरात म्हणाल्या?" मी विचारलं.

दादांनी जरा विचार केला. "तो सूर नवीन हुता," म्हणाले.

माझा पाय बरा झाला तरी त्या घरची प्रार्थना मग माझ्याकडं आली नाही. दादाच करायचे. राज्य सरकार आणि सीमेवरचे जवान गेले ते गेलेच. आता प्रार्थना दोन-चार वाक्यांची असायची आणि त्यात बहुतेक वेळा तक्रार असायची. हात का सुधारत नाही, किती दिवस, मला कारखान्याची पाळी करून घरचं होत नाही. हे सगळं ते अगदी समोर बसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगायचे. मी पुष्कळ गोड प्रार्थना ऐकल्या आहेत, पण त्यांतल्या कितीतरी मला आठवतसुद्धा नाहीत. रविवारी ते झाडाखालून उठून आत आले, तेव्हा पाळकसाहेबांनी पाहिलं आणि काही म्हणाले नाहीत. एव्हाना तेही बरेच शिकले होते. रूथबाईंच्या आमेनचा अर्थ कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होता, आणि तो शब्द आला की ते हसून उपदेश आवरता घ्यायला लागले होते. मंडळीत रूथबाईंइतकं लोकप्रिय कुणी उरलं नाही.

रूथबाईंना दुसरा शब्द कशामुळं आला याबद्दल आमच्याकडं तीन मतं आहेत. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात सरावामुळं, पाळकसाहेब म्हणतात प्रार्थनेमुळं, आणि दादा म्हणतात त्यांच्या आमटीमुळं. मी त्या वेळी तिथं होते, म्हणून घडलं ते सांगते.

दुपारचं जेवण होतं. दादांनी तिघांची पानं वाढली, दोन वाक्यांची प्रार्थना केली, रूथबाईंनी आपला शब्द म्हटला. डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितल्यापासून दादा त्या घरात मीठ असं घालायचे, की जणू ते औषधाच्या दुकानातून मोजून आणलंय. रूथबाईंनी डाव्या हातानं आमटीभाताचा घास घेतला. चावला. मग ताट थोडं पुढं सरकवलं, दादांकडं पाहिलं, ओठ एकदा जुळवले, सोडले, परत जुळवले.

"मीठ."

दादांचा हात भातात तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"मीठ," रूथबाई म्हणाल्या. आवाज असा, की ऐकायला इतका वेळ लागतो का.

दादा उठून बाहेर नळाकडं गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तेवढ्यात मी माझ्या ताटातली आमटी चाखली. बाई खरं बोलत होती. दादा तोंड पुसत आत आले, डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं, डॉक्टरांची आठवण होऊन अर्धं परत टाकलं आणि उरलेलं रूथबाईंच्या आमटीत घातलं. मग, जेवण अर्ध्यावर असताना, त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू," ते म्हणाले, "मीठ म्हणाली."

प्रार्थना तेवढीच झाली. मी रूथबाईंकडं पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं, त्या जेवत होत्या. म्हणून आमेन मी म्हटलं.